फुलीशेजारचा अंगठा

घडी उलगडली आणि आत लाल अंगठा निघाला. वसुधाच्या तोंडून "अगं बाई" असं मराठीतच निसटलं, तशा टेबलाभोवतीच्या सहाही माना वर झाल्या. संध्याकाळी सहाला मतपेटी उपडी केल्यापासून शाळेच्या त्या व्यायामशाळेत फक्त कागदांची खसफस चालली होती. भिंतीला शिड्या, कोपऱ्यात रचलेल्या निळ्या गाद्या, त्यांचा रबरी वास, आणि मधोमध हे सात जण, सकाळपासून एकमेकांना बिस्किटं देऊन देऊन जरा घरच्यासारखे झालेले. जर्मनीतल्या हेसन राज्याच्या विधानसभेचे कागद मोजून बाजूला ठेवले होते. आता उरला होता तो दुसरा, लांबलचक कागद. राज्याच्या घटनेत पंधरा दुरुस्त्या करायच्या होत्या आणि प्रत्येकीपुढं लोकांनी हो किंवा नाही अशी फुली मारायची होती. बहुतेकांनी सगळ्यात वर एकच फुली मारून पंधराही दुरुस्त्यांना एका दमात हो म्हणून टाकलं होतं. रविवार कोण वाया घालवतो? ह्या कागदावर मात्र वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. मधल्या एका ओळीपुढं तेवढी एक फुली. देहदंडाची शिक्षा घटनेतून काढून टाकावी का? हो. आणि त्या फुलीच्या शेजारी अंगठा, रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा.

फ्राउ केसलर मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कुठल्याही कागदाकडे हा चुकीच्या पत्त्यावर आलाय की काय अशा नजरेनं बघायच्या. त्यांनी तो कागद टेबलाच्या मध्ये घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. रक्त आहे का, असं कुणीतरी विचारलं. कुणी म्हणालं लिपस्टिक. टोबियास नावाचा कायदा शिकणारा पोरगा म्हणाला, केचप. दारात पालक संघाची सॉसेजची गाडी दिवसभर उभी होती ना. वसुधानं नुसतं वाकून बघितलं. ती रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी बाई, हे लाल कशाचं हे तिनं जन्मभर बघितलेलं. हळदीला चुना लावला की ती लाल होते, एवढं साधं रसायन. रक्त इतक्यात तपकिरी झालं असतं, लिपस्टिक तेलकट पसरली असती. हे कोरडं होतं, बारीक दाण्यांचं. हातच्या काकणाला आरसा कशाला? हॉख्स्टमधल्या ह्या केंद्रात आज सकाळपासून कुंकू लावून घराबाहेर पडलेला मतदार एकच होता, आणि तो तिचा नवरा होता.

आता ह्यात खरं म्हणजे आश्चर्य वाटण्यासारखं काय होतं, पण वसुधाला आश्चर्य वाटत होतं, आणि त्या आश्चर्याची तिला जराशी मौजही वाटत होती. गुप्त मतदान म्हणजे झाकली मूठ, आणि ती मूठ तिच्याच पुढ्यात उघडावी? सकाळी घड्याळं एक तास मागं झाली होती. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं होतात तशी. नानांना म्हणजे तिच्या वडिलांना, दीनानाथ पाथरीकरांना, हे काही केल्या पटत नव्हतं. तीन महिन्यांसाठी परभणीहून आलेले, वय ब्याऐंशी. ते आपल्या वेळेला उठले, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले आणि सगळं घर झोपलेलं बघून म्हणाले की सरकारनं फुकट दिलेला तास आहे, त्याचं करायचं काय ते तरी सांगा. मग त्यांनी कोटाच्या खिशातून आईचा चांदीचा करंडा काढला. आई गेल्यापासून तो त्यांच्या खिशातच असतो. वसुधाला आणि विनयला जर्मन नागरिकत्व मिळून सहाच महिने झालेले, हे दोघांचं पहिलं मतदान, तेव्हा कुंकू लावल्याशिवाय जायचं नाही. वसुधा सातला निघाली, तिला दिवसभर केंद्रावर बसायचं होतं. तिनं लिफ्टच्या आरशात बघून ते पुसलं, कारण निःपक्ष माणसाच्या कपाळावर काही असू नये असं उगाच तिला वाटलं. विनयनं ठेवलं. दुपारी तीनला नानांना घेऊन तो आला तेव्हा व्यायामशाळेच्या काचेच्या दाराशी तो थबकला, आत एवढी माणसं बघून त्यानं उजव्या अंगठ्यानं कपाळ पुसलं, आणि अंगठा कुठं पुसावा ते न कळून तसाच आत आला. हे तिनं पाहिलं होतं. हसूही आलं होतं.

पण फुली? हात विनयचा असेल, फुली विनयची नव्हे. अठरा वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं. विनय म्हणजे वाहनांच्या ब्रेकचा इंजिनिअर, मिक्सर आणला तरी त्याच्याबरोबरची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. पंधरा दुरुस्त्यांचा त्यानं तक्ता केला होता, फ्रिजवर लावला होता, तेरा हो आणि दोन नाही, प्रत्येकापुढं कारण, आणि ती कारणं तिनं भाजी चिरताना दोन रात्री ऐकली होती. हा माणूस चौदा ओळी कोऱ्या सोडेल? दुकानात दही निवडायला दहा मिनिटं लावणारा माणूस आज पडद्यामागं गेला आणि मिनिटाच्या आत बाहेर आला, तेव्हाच तिला ते खटकायला हवं होतं. आत जाण्यापूर्वी तो बाहेर बाकावर बसलेल्या नानांपाशी वाकला होता. नानांनी त्याचा हात धरून ठेवला होता, बराच वेळ, आणि काहीतरी सांगितलं होतं, थोडंच. मग विनयनं एकदा वळून वसुधाकडे बघितलं होतं. तिला वाटलं, नानांना बाथरूमला जायचं असेल. माणसाला काय काय वाटतं.

मतदानाआधी घरी आलेल्या दुरुस्त्यांच्या पुस्तिकेचं नानांना वेड लागलं ते मुक्तामुळे, त्यांच्या नातीमुळे. मुक्ता चौदा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. शाळेत त्यांना शिकवलं की हेसनच्या घटनेत कलम एकवीसमध्ये देहदंड अजून आहे. देशाच्या घटनेनं तो सत्तर वर्षांपूर्वीच रद्द केला, म्हणजे ह्या कलमानं कुणाला मारता येत नाही, पण वाक्य तसंच राहून गेलंय. अडगळीत पडलेली वस्तू टाकायची राहून जाते, तसं. जेवताना तिनं आजोबांकडे बघून सरळ विचारलं की तुम्ही पब्लिक प्रॉसिक्युटर होतात ना, मग तुम्ही कुणाला फाशी दिलीत का? विनयनं भाषांतर करताना ते वाक्य पार बोथट करून टाकलं. पण नानांना बहुतेक मूळच कळलं असावं, काही शब्दांना भाषा लागत नाही. त्यांनी भात कालवला, खाल्ला, हात धुतला आणि म्हणाले, विनयराव, ती पुस्तिका मला मराठीत वाचून दाखवा. रोज संध्याकाळी एक कलम असा वर्ग सुरू झाला. एकविसाव्यापाशी नाना अडले. विशेष गंभीर गुन्ह्यांसाठी, असे शब्द होते तिथं. नाना म्हणाले, अस्सं, म्हणजे आमचं दुर्मिळातलं दुर्मिळ. मग त्यांनी विचारलं, राज्याचा मुख्य सरकारी वकीलही ह्याच कागदावर निवडायचा का? कारण अमेरिकेतल्या रोहननं, त्यांच्या पुतण्यानं, त्यांना फोनवर सांगितलं होतं की तिथं तो मतांनी निवडतात, ह्याच नोव्हेंबरात आहे, आणि उमेदवार टीव्हीवर सांगतात मी इतक्या जणांना आत टाकलं. विनय म्हणाला, नाही नाना, इथं सरकार नेमतं. नाना बराच वेळ हसले, त्यांचं ते बिनआवाजाचं हसणं. म्हणाले, मी उभा राहिलो असतो तर नुसत्या पेढ्यांवर निवडून आलो असतो.

पेढे म्हटल्याबरोबर वसुधाच्या हातातली सुरी थांबली होती, कारण ते पेढे तिनं खाल्ले होते. त्र्याऐंशी साल, ती अकरा वर्षांची. कापसाच्या जिनिंगच्या मालकाची बायको आणि दोन पोरं मारली गेली होती, राखणदार लहू पकडला गेला होता, आणि गाव लहूच्या नावानं पेटलं होतं. नाना सरकारी वकील. आईनं त्या केसच्या कागदांच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं, प्रत्येक मोठ्या केसला ती टेकवायची, आणि नाना दर वेळी म्हणायचे की न्यायाधीश म्हणतील पाथरीकरांच्या घरी लग्नपत्रिका छापतात. लहूला फाशी झाली. पेढ्यांची पुडकी इतकी आली की आई शेजाऱ्यांना वाटून दमली. नानांनी एकही खाल्ला नाही. त्यांना गोड वर्ज्य आहे असं आईनं सगळ्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते खरंच झालं. चार वर्षांनी सकाळच्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या, नागपूरच्या तुरुंगातल्या. त्याच वर्षी नानांनी सरकारी वकिली सोडली आणि लॉ कॉलेजात शिकवायला लागले. तब्येत, असं कारण होतं. वसुधानं ह्या दोन गोष्टी आजवर कधी एका दोरीत ओवल्या नव्हत्या. आज ह्या परक्या व्यायामशाळेत, केचप की लिपस्टिक ह्यावर वाद चाललेला असताना, त्या आपोआप जवळ आल्या. आणि त्यांच्या मागोमाग तिसरी गोष्ट आली, ती तर तिनं पस्तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी जिनिंगसमोरचा चहाटपरीवाला घरी आला होता. लहूला पहाटे बंगल्यातून बाहेर पडताना ह्यानंच पाहिलं होतं, सगळी केस ह्याच्या डोळ्यांवर उभी. नाना पडवीत बसले होते. आईनं वसुधाच्या हाती तांब्याभांडं दिलं. ती दाराशी पोचली तेव्हा तो माणूस टोपी हातात घेऊन म्हणत होता, "साहेब, उजाडलं नव्हतं. तोंड दिसलं नाही. चालीवरनं वाटलं." नाना गप्प. मग म्हणाले, "विचारतील तेवढंच बोल." बास, एवढंच. कोर्टात त्याला चालीचं कुणी विचारलं नाही. लहूचा वकील सरकारनंच दिलेला, नवखा, त्याला ते सुचायचं कसं? वसुधा भांडं घेऊन उभी होती, आणि तो माणूस पाणी न पिताच पायऱ्या उतरून गेला. पाण्याला नाही म्हणणारा माणूस तिनं तोवर पाहिला नव्हता, म्हणून तर ते लक्षात राहिलं. पुढं नानांना एक खोडच लागली, किंवा वसुधा तिला खोड समजत आली. हाउसिंग सोसायटीच्या चौकशी समितीतून ते उठून आले, कारण आरोप असलेल्या गृहस्थांनी त्यांच्यापाशी काही बोलून ठेवलं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले आणि शेजारची पोरगी बोलायला उभी राहिली तशी खुर्ची सोडली. ज्याला आतलं ठाऊक आहे त्यानं खुर्चीवरून उठावं, हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आई ते नानांच्या आवाजात म्हणून दाखवायची. हे वाक्य कधीपासून सुरू झालं, हे मात्र वसुधानं कधी विचारलं नव्हतं.

टेबलाशी आता गोष्ट तंट्याला आली होती. टोबियासनं नियम वाचून दाखवला. मतदार ओळखू येईल अशी खूण असेल तर मत बाद. अंगठ्यापेक्षा मोठी खूण ती कोणती, असं त्याचं म्हणणं. एक नर्सबाई होत्या, त्या म्हणाल्या की ही खूण नव्हे, हा डाग आहे, माणसाचे हात मळतात आणि मळलेल्या हाताचं मतही मतच असतं. फ्राउ केसलरना ते फारसं पटलं नाही. एवढा स्वच्छ ठसा चुकून उठत नाही, त्या म्हणाल्या. असं झालं की केंद्रातल्या लोकांनी हात वर करून ठरवायचं, आणि समसमान झालं तर प्रमुखाचं मत ज्या बाजूला ती बाजू खरी. वसुधानं चेहरे वाचले. बादच्या बाजूला तिघं, त्यात फ्राउ केसलर. वैधच्या बाजूला तिघं. सातवी ती. ती उठून पाणी प्यायला गेली असती तरी काम झालं असतं, समसमान होऊन मत बाद. उठायला काही कारणही सांगावं लागलं नसतं. नानांचा नियम पाळायचा तर उठायलाच हवं होतं, कारण आतलं तिच्याइतकं ह्या टेबलाशी कुणाला ठाऊक होतं? आणि उठलं तर नानांनी ह्या जन्मात लहूबद्दल उच्चारलेला एकुलता एक शब्द, तोही दुसऱ्याच्या हातानं, दुसऱ्याच्या देशात, ज्यानं कुणाचा केस वाकडा किंवा सरळ होणार नाही अशा कागदावर, तो बादच्या गठ्ठ्यात जाणार होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं बोलून टाकावं, हे कुंकू आहे, आमच्याकडे शुभ कामाला लावतात, असंही तिच्या ओठांशी आलं. पण मग ओळख पटली आणि मत गेलंच. तिला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी एक विलक्षण कुतूहल वाटत होतं, की नाना त्या पडवीत गप्प बसले होते ते किती वेळ? इतकाच? श्वास आत घेऊन सोडावा इतका? तिनं खुर्चीची कड धरली. ती उठली नाही. फ्राउ केसलरनी वैधसाठी हात विचारले तेव्हा तिनं हात वर केला, आणि मोजणी पुढं चालू झाली.

घरी पोचली तेव्हा आठ वाजत आले होते. विनय आधीच स्वच्छ असलेली शेगडी पुसत होता, आणि तिच्याकडे न बघता त्यानं खिचडी गरम करायला ठेवली. मुक्ता आपल्या खोलीत होती. नाना जेवणाच्या टेबलाशी स्वेटर घालून बसले होते, ताट वाढलेलं, हात न लावलेलं. तिची वाट बघत होते हे उघड होतं. तिनं कोट काढला, हात धुतले, समोर बसली. मग नाना म्हणाले की विनयराव सांगत होते, कागदाला रंग लागला म्हणून. बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. शेगडीवरचं फडकं थांबलं. वसुधा म्हणाली की मोजणीतलं बाहेर बोलता येत नाही नाना, शब्द दिलेला आहे. नानांनी मान डोलावली, वकिली कौतुकानं. हे उत्तर त्यांना आवडलं होतं.

"ते नाही विचारत मी," ते म्हणाले. "तू तिथं होतीस. तुला ओळखू आलंच असणार. तू उठलीस ना खुर्चीवरून?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, ताट निवत चाललेलं, आणि एका हो शब्दात तो सुखानं जेवला असता. तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या तर्जनीला नखाशी अजून सकाळचं कुंकू होतं.

"नाही, नाना. बसून राहिले."

विनयनं गॅस बंद केला. त्या शांततेची लांबी वसुधाला ओळखीची वाटली, पडवीतल्या इतकीच असावी.

"मीही," नाना म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघत, "पाणी तूच आणलं होतंस ना गं?"

"हो," वसुधा म्हणाली. "तो न पिताच गेला."